वेळेवर विचारलेला प्रश्न : म्हैसूरमधील कलावंत आणि अभिरक्षक यांचा संवाद

म्हैसूर शहरात राजाश्रय, चित्रशाळा, कलाविद्यालये आणि संग्रहालये यांचा सहवास शंभर वर्षांहून अधिक काळाचा असल्यामुळे, कलावंताने आपल्या निर्मितीविषयी संग्रहालयातील जाणकाराशी बोलावे, ही तेथे अलीकडे आलेली पद्धत मानता येत नाही. तिसरे कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत १८६१ मध्ये जगनमोहन राजवाडा बांधला गेला; १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत जळाल्यावर नवा पूर्ण होईपर्यंत राजघराण्याचा मुक्काम याच वास्तूत होता; आणि १९१५ मध्ये तेथे चित्रसंग्रह मांडला गेला, जो आज श्री जयचामराजेंद्र कलादालन या नावाने ओळखला जातो. १९२४ मध्ये जेम्स कझिन्स या आयरिश कवीच्या पुढाकाराने येथे आधुनिक भारतीय चित्रांचे स्वतंत्र दालन उभे राहिले आणि त्या वेळी हयात असलेल्या चित्रकारांची कामे राजसंग्रहात शेजारी शेजारी लागली. हयात कलावंताचे काम संग्रहालयात येते तेव्हा त्या कामाबरोबर एक संधीही येते, कारण ते कसे घडले हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस अजून विचारण्याच्या अंतरावर असतो. ही संधी घेतली गेली की दवडली गेली, यावर त्या वस्तूचे पुढचे शंभर वर्षांचे आयुष्य अवलंबून राहते, हे म्हैसूरमधील अनुभवावरून दाखवता येते.

‘अभिरक्षक’ हा शब्द मराठीत शासकीय संग्रहालयांमुळे रूढ झाला, तर प्रदर्शनांच्या जगात ‘क्युरेटर’ हाच शब्द सर्रास चालतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी काळजी घेणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि पूर्वी या पदावरील व्यक्तीचे काम प्रामुख्याने तेच होते : वस्तूची नोंद करणे, तिला वाळवी, ओल आणि उन्हापासून वाचवणे, तिच्याखाली अचूक पाटी लावणे. गेल्या काही दशकांत त्याला दुसरे काम जोडले गेले, ते म्हणजे कोणती कामे एकत्र मांडावीत, कोणत्या क्रमाने दाखवावीत आणि प्रेक्षकाला त्यांतून कोणता विचार दिसावा हे ठरवणे. पहिल्या कामासाठी अभिरक्षकाला कलावंताच्या हाताविषयी विचारावे लागते, दुसऱ्यासाठी त्याच्या विचाराविषयी. अनेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारचे प्रश्न उत्साहाने विचारले जातात आणि पहिल्या प्रकारचे राहून जातात. या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच सापडते.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव असा की, अशा संवादातील पहिली भेट बहुधा फारशी फलदायी ठरत नाही. अभिरक्षक आधी वाचून आलेला असतो आणि कलावंताने यापूर्वी अनेकदा उत्तरे दिलेली असतात, त्यामुळे दोघांच्याही तोंडी प्रदर्शनाच्या पुस्तिकेतील शब्द येतात. ‘प्रेरणा कोठून मिळाली’ या प्रश्नाला तयार उत्तर मिळते, ते नम्रपणे लिहून घेतले जाते आणि फिल्टर कॉफीचा पहिला पेला संपतो. मात्र अभिरक्षकाने कामाकडे बोट दाखवून, हा कोपरा पुन्हा का रंगवला, ही रेघ मध्येच का थांबली, येथे कापडाची वीण वेगळी का दिसते, असे काही विचारले की कलावंत खुर्ची सोडून कामाजवळ जातो, डोळे बारीक करून पाहतो, कधी बोट फिरवतो, आणि मग जे बोलतो ते त्याने यापूर्वी कोणालाही सांगितलेले नसते. त्या दिवशी रंग संपला होता, पावसाळ्यात कापड सैल पडले, घरातील मूल आजारी असल्याने काम आठवडाभर उघडे राहिले, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतून कामाचा खरा इतिहास हाती येतो. म्हणून या क्षेत्रात मुरलेली माणसे पहिली भेट ओळखीसाठी ठेवतात, दुसरी भेट कामासमोर उभे राहून घेतात आणि तिसऱ्या भेटीत आधी लिहिलेले कलावंताला वाचून दाखवतात.

जगनमोहन राजवाड्यातील एक चित्र या संपूर्ण विषयाचा धडा आहे आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने ते अधिकच जवळचे आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाचे हे जलरंगातील चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मले, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षण संस्था सुरू केली. चित्रात एक तरुण स्त्री उभी आहे; तिच्या एका हातात तेवता दिवा आहे आणि वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा तिने ज्योतीपुढे आडवा धरला आहे. प्रकाश बोटांच्या कडांमधून लालसर होऊन झिरपतो, तिचा चेहरा आणि साडीचा वरचा भाग उजळतो, तर भोवतालचा अंधार हळूहळू दाट होत जातो. या चित्रासाठी हळदणकरांची कन्या गीता समोर उभी राहिली होती. दालनात प्रेक्षकांना ते अंधाऱ्या जागेत दाखवण्याची प्रथा आहे, त्यामुळे कागदामागे खराच दिवा असावा असा भास होऊन अनेकजण नकळत एक पाऊल मागे सरकतात.

हा भास कशामुळे होतो, हे समजण्यासाठी जलरंगाचे तंत्र थोडे समजून घ्यावे लागते. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो, कारण गडद रंगावर पांढरा रंग बसतो. पारदर्शक जलरंगात मात्र उजेड म्हणजे न रंगवलेला किंवा अगदी पातळ रंगवलेला कागद असतो. चित्रकाराला सर्वांत उजळ जागा कोणती हे पहिला हात फिरवण्यापूर्वीच ठरवून ती राखून ठेवावी लागते आणि नंतर प्रत्येक थर वाळल्यावर भोवतालचा अंधार वाढवत न्यावा लागतो, ज्यात चूक झाली तर ती झाकण्याची सोय जवळजवळ नसते. हळदणकरांच्या चित्रातील ज्योत अशी राखून ठेवलेल्या कागदाची आहे. त्या कागदाची जात, त्याला आधी दिलेले पाणी, थरांची संख्या, दोन थरांमधील वेळ हे सारे ज्याला सांगता आले असते तो चित्रकार १९६८ पर्यंत हयात होता, म्हणजे विचारायला पुष्कळ अवधी होता. कागदावरील जलरंग प्रकाशाने फिके पडतात आणि म्हणूनच संग्रहालयांत अशा कामांवर साधारण ५० लक्सइतकाच मंद उजेड ठेवण्याचा दंडक आहे. प्रकाशाचे हे चित्र प्रकाशापासूनच जपावे लागते.

तरीही या चित्राला सर्वांत मोठी इजा उजेडाने वा ओलीने केलेली नाही, ती चुकीच्या नावाने केलेली आहे. दिनदर्शिकांवर, छापील प्रतींवर आणि पर्यटकांच्या बोलण्यात हे चित्र वर्षानुवर्षे राजा रविवर्मा यांच्या नावावर खपत आले आहे. जगनमोहनच्या संग्रहात रविवर्म्यांची अस्सल चित्रे असल्याने हा घोळ वाढला असावा. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हळदणकरांचे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे मानले जाते, ही एवढी एक गोष्ट गैरसमज दूर करायला पुरेशी होती. चित्रात उभी असलेली कन्या पुढे कोल्हापुरात राहिली आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये तिचे निधन झाले. तिने वृद्धापकाळात सांगितलेल्या आठवणींमुळेच या चित्राची जन्मकथा सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. ज्या कामाविषयीची माहिती संग्रहाबरोबर नांदायला हवी, ती एका कुटुंबाच्या स्मरणशक्तीवर टिकून राहिली, ही गोष्ट समाधानाची नव्हे.

अशा चुकांतून जगातील मोठी संग्रहालयेही उशिराच शहाणी झाली. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील मेनिल संग्रहात कॅरल मॅन्क्युसी-उंगारो या संवर्धनतज्ज्ञ बाईंनी १९९० मध्ये कलावंतांच्या मुलाखतींचा एक उपक्रम सुरू केला, ज्यात कलावंताला त्याच्याच कामासमोर उभे करून साहित्य, तंत्र आणि झीज याविषयी विचारले जाई आणि ते चित्रफितीवर टिपले जाई. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे आधुनिक कलेची काळजी कोणी घ्यायची या प्रश्नावर संवर्धकांची परिषद भरली आणि त्यातून १९९९ मध्ये समकालीन कलेच्या संवर्धनासाठी एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. संवर्धन म्हणजे वस्तूची झीज थांबवणे आणि शक्य तेथे दुरुस्ती करणे. पण प्लॅस्टिक, फळे, विजेचे दिवे, चित्रफिती अशा साहित्याने केलेल्या कामात काय दुरुस्त करायचे आणि काय झिजू द्यायचे, हे कलावंतालाच विचारल्याशिवाय ठरत नाही, असा या साऱ्या प्रयत्नांचा निष्कर्ष आहे.

म्हैसूरमध्ये हा निष्कर्ष केवळ नव्या साहित्याला लागू पडतो असे नाही. तेथील पारंपरिक चित्रशैलीलाही तो तितकाच लागू आहे. म्हैसूर शैली आणि तंजावर शैली या भगिनी मानल्या जातात आणि तंजावरच्या शैलीला तेथील भोसले राजांचा आश्रय लाभल्याने ती मराठी वाचकाच्या परिचयाची असते. तंजावरच्या चित्रात उठावाचा थर जाड असतो आणि त्यात खडे बसवतात, तर म्हैसूरच्या चित्रात हा थर इतका पातळ असतो की दागिन्यावर बोट फिरवल्यावरच तो जाणवतो. या थराच्या मिश्रणाला तेथे ‘मक्की सफेदा’ म्हणतात : गॅम्बोज नावाच्या झाडाचा पिवळा चीक, पांढरी भुकटी आणि सरस यांच्यापासून तो तयार होतो. आराखडा काढण्यासाठी चिंचेच्या काटक्या भाजून केलेला कोळसा वापरला जाई. दागिने, जरीकाठ, प्रभावळ यांच्या रेषा मिश्रणाने बारीक कुंचल्याने उचलून घ्यायच्या, त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि चित्र वाळल्यावर पातळ कागद ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचे, असा या कामाचा क्रम आहे.

अशा चित्रशाळेत अभिरक्षकाने केवळ देवतेचे नाव आणि चित्राची लांबीरुंदी लिहून घेतली तर नोंद पूर्ण दिसते, पण उपयोगाची ठरत नाही. खरा प्रश्न पांढऱ्या रंगाचा आहे. जुन्या मिश्रणात शिशाचा सफेदा वापरला जाई. तो विषारी असल्यामुळे आजचे चित्रकार जस्ताचा पांढरा वापरतात. शिशाचा सफेदा हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडू शकतो, जस्ताचा पांढरा तसा काळवंडत नाही. म्हणजे पन्नास वर्षांनी काळे पडलेले मोत्यांचे कंठे समोर आले तर संवर्धकाने कोणता उपाय करायचा, हे त्या एका उत्तरावर ठरते. चित्रकाराला हा प्रश्न विचारला की प्रथम तो संकोचतो, कारण परंपरेपासून ढळल्याचा आरोप होईल असे त्याला वाटते. भीती दूर झाली की मात्र तो वाटी पुढे ओढतो, मिश्रणात कुंचला बुडवून वर उचलतो आणि थेंब सुटेपर्यंत थांबतो. किती भुकटीला किती सरस, याचे प्रमाण त्याच्याजवळ आकड्यात नसते, ते थेंब किती वेळाने सुटतो यात असते. ही गोष्ट ध्वनिफितीवर येत नाही. ती पाहणाऱ्याने लिहावी लागते, आणि म्हणून अशा भेटीत बोलणे टिपणाऱ्याइतकाच हात पाहणारा माणूसही आवश्यक असतो.

समकालीन कलेत हा संवाद कोणत्या दिशेने जातो, हे एन. एस. हर्ष यांच्या उदाहरणावरून समजते. १९६९ मध्ये म्हैसूर येथे जन्मलेले हर्ष तेथील चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत आणि पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले आणि जगभर प्रदर्शने होऊनही त्यांनी आपले काम म्हैसूरमध्येच ठेवले. २००८ मध्ये त्यांना वेल्समधील कार्डिफ येथे दिला जाणारा आर्टेस मुंडी पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये टोकियोच्या मोरी कला संग्रहालयाने त्यांच्या वीसेक वर्षांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले, ज्याचे नियोजन मामी काताओका यांनी केले होते. हर्ष यांच्या चित्रांत माणसांच्या रांगाच्या रांगा असतात : जेवायला बसलेली माणसे, झोपलेली माणसे, कोठून तरी आलेली माणसे. ‘वी कम, वी ईट, वी स्लीप’ हे त्यांचे तीन भागांचे चित्र ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड कलासंग्रहात आहे. केळीच्या पानांसमोर ओळीने बसलेली माणसे पाहून मराठी वाचकाला पंगत आठवते आणि तिच्यातील वाढप, आग्रह, बसण्याचा क्रम आणि त्या क्रमामागचे समाजाचे नियमही आठवतात. ज्या अभिरक्षकाच्या अनुभवात पंगत नाही, त्याला ती केवळ आकृत्यांची सुंदर पुनरावृत्ती वाटण्याचा संभव असतो; हे अंतर भरून काढणारे बोलणे कलावंताकडून आले, तरच दूरदेशीच्या भिंतीवर त्या चित्राचे म्हैसूरपण शिल्लक राहते.

हर्ष यांचे ‘नेशन्स’ हे मांडणशिल्प एक निराळा प्रश्न उभा करते. मांडणशिल्प म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून घडवलेले असे काम, ज्यात प्रेक्षक आत शिरतो किंवा भोवती फिरतो आणि जे प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागते. २००७ मधील या कामात पायाने चालवायची शिवणयंत्रे एकावर एक रचलेली असून प्रत्येक यंत्रावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका सदस्य-देशाचा रंगवलेला ध्वज असतो आणि सर्वांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. २००७ मध्ये राष्ट्रसंघाचे सदस्य १९२ होते; २०११ मध्ये दक्षिण सुदान दाखल झाल्यावर ते १९३ झाले आणि टोकियोच्या मांडणीत १९३ यंत्रे होती. यापुढे एखादा देश वाढला वा विरला तर यंत्रांची संख्या बदलावी का, एखाद्या देशाने ध्वज बदलला तर कापड बदलावे का, यंत्राचा सुटा भाग मिळेनासा झाला तर दुसऱ्या कंपनीचे यंत्र चालेल का, धाग्यांची गुंतागुंत प्रत्येक वेळी नवी असावी की छायाचित्र पाहून तीच पुन्हा घालावी, या प्रश्नांची उत्तरे कामाच्या आत कोठेही लिहिलेली नसतात. ती कलावंताच्या मनात असतात, आणि तेथून ती संग्रहालयाच्या कपाटात आणणे हेच अभिरक्षकाचे कर्तव्य ठरते.

म्हैसूरच्याच अकादमीतून पुढे आलेल्या एल. एन. तल्लूर यांच्या बाबतीत या संवादाच्या दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत एकत्र आल्या. १९७१ मध्ये जन्मलेल्या तल्लूर यांनी म्हैसूर येथे चित्रकला शिकून नंतर बडोद्याला संग्रहालयशास्त्राचे शिक्षण घेतले, म्हणजे वस्तू घडवणे आणि वस्तू सांभाळणे ही दोन्ही शास्त्रे त्यांनी आत्मसात केली. २०११ मध्ये मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे ‘क्विंटेसेन्शिअल’ हे प्रदर्शन झाले. १८७२ मध्ये जनतेसाठी उघडलेल्या या संग्रहालयाने नूतनीकरणानंतर समकालीन कलावंतांना आपल्या जुन्या संग्रहाशी भिडण्याचे आवाहन केले आणि सुदर्शन शेट्टी, जितिश कलाट, अतुल दोडिया यांसारख्या कलावंतांनी तेथे कामे मांडली. या पद्धतीत कलावंत तयार काम घेऊन येत नाही. तो आधी कपाटे उघडून पाहतो, नोंदी वाचतो, अभिरक्षकाला विचारतो, आणि नेहमी प्रश्न विचारणारा अभिरक्षक उत्तरे देण्याच्या जागी येतो. तल्लूर यांनी पुढे २०१९ च्या ‘इंटरफिअरन्स’ या चित्रफितीत जुनागढच्या संग्रहालयातील जुन्या गालिच्यातून झटकली जाणारी धूळ संथ गतीने टिपली. अभिरक्षक ज्या धुळीशी जन्मभर झगडतो, तिच्यातच काळ पाहणारी ही नजर संग्रहालयाच्या मागच्या खोलीत वावरल्याशिवाय येत नाही.

या विषयाचा सर्वांत हळवा भाग मात्र नामवंत कलावंतांच्या बाहेरचा आहे. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात १९०५ मध्ये बांधलेल्या जयलक्ष्मी विलास या वास्तूतील लोकसाहित्य संग्रहालयाच्या उभारणीत अभ्यासक जी. शं. परमशिवय्या आणि चित्रकार पी. आर. तिप्पेस्वामी यांचा मोठा वाटा आहे, म्हणजे तेथे संग्राहकाच्या भूमिकेत एक चित्रकारच होता. मुखवटे, लाकडी मूर्ती आणि घरगुती वस्तूंबरोबर तेथे ‘तोगलु गोंबे’ म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. कातडे पारदर्शक होईपर्यंत कमावून, रंगवून आणि छिद्रे पाडून केलेल्या या बाहुल्या दिव्यासमोरच्या पडद्यावर नाचवल्या जातात. राजा मोठा आणि सेवक लहान असा त्यांच्या आकारातही मान राखलेला असतो. मराठी वाचकाला ठाऊक असावे असे एक सत्य यात आहे : कर्नाटकातील हा खेळ करणारा किळ्ळेक्यात समाज घरात मराठीची एक बोली बोलतो. खेळ कन्नडमध्ये, घर मराठीत, अशी ही दुहेरी वस्ती आहे, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या यांची जी परंपरा आहे, तिच्याशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे.

अशा बाहुलीकाराशी बोलताना अभिरक्षकाची भाषा निर्णायक ठरते. इंग्रजीत तयार केलेली प्रश्नावली कन्नडमध्ये विचारली की बाहुलीकार खेळाची कथा सांगतो, कारण कन्नड ही त्याच्या खेळाची भाषा आहे. कातडे कोणी कमावले, छिद्रे पाडायचे हत्यार कोणत्या पिढीचे, रंग बाजारचा की घरचा, बायकांनी कोणते काम केले, हे तो घरच्या बोलीत सांगतो. म्हणून मराठी जाणणारा एक माणूस शेजारी बसला तर त्याच खोलीत त्याच माणसाकडून निराळी माहिती मिळते, असा अनुभव येतो. याहून कठीण प्रश्न वस्तूच्या मरणाचा असतो. बाहुलीकारांच्या अनेक घराण्यांत जीर्ण बाहुली फेकून देत नाहीत, तिला विधिपूर्वक नदीत सोडतात. जी वस्तू नदीला द्यायची, ती संग्रहालय काचेत ठेवू पाहते. येथे अभिरक्षकाने शास्त्र सांगून वाद जिंकण्यात अर्थ नसतो. कोणती बाहुली देता येईल, कोणती नाही, दिलेल्या बाहुलीला वर्षातून एकदा दिवा दाखवावा का, हे विचारून जे ठरेल ते नोंदवहीत लिहिणे हाच सभ्य मार्ग आहे. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने स्वतःच संग्रहालय उभारून हा प्रश्न आपल्या हाती घेतला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ही वाट म्हैसूरच्या बाहुलीकारांनाही दूरची नाही.

या संवादात सत्तेचा तोल नेहमीच संस्थेच्या बाजूने झुकलेला असतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जागा, पैसा, प्रसिद्धी आणि पाटी लिहिण्याचा अधिकार संस्थेकडे असतो. कलावंताकडे काम आणि त्याची आठवण असते. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलावंताला त्याचे काम विकले गेल्यानंतरही त्याच्यावर आपले नाव असण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा अधिकार दिलेला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेल्यावर शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सव्वीस वर्षांचा हा काळ पाहता, काम हलवण्यापूर्वी कलावंताला केलेली एक विचारणा किती मोलाची ठरली असती, हे सांगण्याची गरज उरत नाही. पारंपरिक कारागिराला हा कायदा बहुधा माहीतही नसतो आणि त्याच्या कामाखाली ‘लोककला, म्हैसूर’ एवढेच लिहिले जाते, जणू एखाद्या प्रदेशालाच हात असतात.

या साऱ्या अनुभवातून काही साधे नियम तयार झाले आहेत. मुलाखत कामासमोर घ्यावी, कार्यालयात घेऊ नये. कलावंताच्या घरच्या भाषेत बोलणारा माणूस बरोबर असावा. साहित्याची नावे स्थानिक शब्दांतच लिहावीत आणि त्यांचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे, कारण ‘मक्की सफेदा’ला केवळ ‘उठावाचा थर’ म्हटले की त्यातील चीक आणि सरस दोन्ही हरवतात. काय दुरुस्त करावे आणि काय झिजू द्यावे, हे कलावंताच्या हयातीत ठरवून घ्यावे. त्याने दिलेल्या वेळेचे मानधन द्यावे, कारण कारागिराचा बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते. त्याला नको असलेला भाग प्रसिद्ध करू नये. लिहिलेले त्याला वाचून दाखवावे आणि त्याने केलेली दुरुस्ती मूळ मजकुरासह जपावी. यांपैकी एकाही गोष्टीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रक, दुपारचा वेळ आणि ऐकण्याची सवय एवढ्यावर हे काम होते, आणि लहान संग्रहालयांनाही ते आजच सुरू करता येते.

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य कुटुंबे म्हैसूरला जातात, राजवाडा पाहतात, चामुंडी टेकडीवर जातात आणि जगनमोहनमधील दिवा धरलेल्या स्त्रीसमोर क्षणभर उभी राहतात. त्या वेळी सोबतच्या मुलांना ते चित्र रविवर्म्यांचे नसून सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे आहे आणि समोर उभी असलेली मुलगी त्यांचीच लेक होती, हे आवर्जून सांगावे. आणि घरी परतल्यावर आपल्या गावातील वृद्ध चित्रकाराकडे, मूर्तिकाराकडे, बाहुलीकाराकडे एक वही घेऊन जावे, त्याच्या कामाशेजारी बसावे आणि तो सांगू शकतो तोवर विचारून घ्यावे.